देमिखोव यांची कुत्री आणि माणसाचे फुप्फुस

व्लादिमीर पेत्रोविच देमिखोव हे नाव ज्यांनी कधीतरी ऐकले आहे, त्यांना ते बहुधा एका छायाचित्रामुळे आठवते. धिप्पाड कुत्र्याच्या मानेवर दुसऱ्या, लहान कुत्र्याचे डोके आणि पुढचे पाय शिवलेले आहेत, दोन्ही तोंडे जिवंत आहेत आणि लहान तोंड बशीतले दूध चाटते आहे. गणपतीच्या जन्माची कथा ऐकत वाढलेल्या आपल्यालाही ते चित्र बघवत नाही. या चित्राने देमिखोव यांना जगभर प्रसिद्धी दिली आणि त्याच चित्राने त्यांचे खरे काम झाकून टाकले. हृदय, यकृत आणि विशेषतः फुप्फुस हे अवयव एका शरीरातून काढून दुसऱ्यात बसवता येतील का, बसवल्यावर ते काम करतील का आणि बिघडले तर नेमके कशामुळे बिघडतील, हे प्रश्न त्यांनी वैद्यकाने ते गांभीर्याने घेण्यापूर्वीच हाती घेतले होते. उत्तरे शोधायला त्यांच्याजवळ कुत्र्यांखेरीज दुसरे काही नव्हते. त्यांच्या यशाचे कारण तेच आणि त्यांची मर्यादाही तीच.

त्यांचा जन्म १९१६च्या जुलैत, दक्षिण रशियातील एका लहानशा वस्तीवर, शेतकरी कुटुंबात झाला. यादवी युद्धात वडील गेले आणि तीन मुलांना आईने एकटीने वाढवले. मुलगा कारखान्याशी जोडलेल्या शाळेत यंत्रदुरुस्तीचे काम शिकला. पुढे तो शरीरशास्त्राकडे वळला खरा, पण हातातला फिटर कधी सुटला नाही. हृदय म्हणजे पंप, फुप्फुस म्हणजे भाता आणि रक्तवाहिन्या म्हणजे नळ्या. तेव्हा हे सारे सोडवता आणि पुन्हा जोडता आले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी ते कधी चढले नाहीत. पदवी जीवशास्त्राची होती, आणि डॉक्टर नसलेल्या माणसाने डॉक्टरांना शस्त्रक्रिया शिकवावी ही गोष्ट मॉस्कोतील अनेक मातब्बरांना अखेरपर्यंत खुपत राहिली.

व्होरोनेझ विद्यापीठात शिकत असताना, १९३७ साली, त्यांनी स्वतः तयार केलेले यांत्रिक हृदय कुत्र्याच्या छातीत बसवले. त्यावर ते कुत्रे सुमारे दोन तास जगले. तेव्हा देमिखोव एकवीस वर्षांचेही नसावेत किंवा नुकतेच झाले असावेत. त्यानंतर ते मॉस्को विद्यापीठात आले, १९४० मध्ये पदवी मिळाली आणि लगेच युद्ध आले. युद्धाची वर्षे त्यांनी लष्करी इस्पितळांत शवविच्छेदन करण्यात घालवली. परतल्यावर लग्न केले आणि जे काम अर्धवट सुटले होते ते पुन्हा हाती घेतले.

१९४६ साली त्यांनी एका कुत्र्याचे हृदय आणि फुप्फुसे मिळून सारा संच दुसऱ्या कुत्र्याच्या छातीत बसवला. या कामाची अवघड बाजू समजण्यासाठी त्या काळी काय उपलब्ध नव्हते ते ध्यानात घ्यावे लागते. शस्त्रक्रिया चालू असताना रक्त फिरते ठेवणारे हृदय-फुप्फुस यंत्र वापरात आलेले नव्हते. शरीर थंड करून मेंदूला संरक्षण देण्याची रीतही रुळलेली नव्हती. मेंदूला रक्त मिळाले नाही तर काही मिनिटांत सारे संपते. देमिखोव यांनी यावर काढलेला तोडगा निव्वळ कारागिराचा होता. जुने हृदय धडधडत असतानाच त्याच्याशेजारी नवा संच ठेवायचा, एकेक वाहिनी ठरावीक क्रमाने जोडत जायचे, आणि सारा जोड पुरा झाल्यावर जुन्या संचाला रक्तप्रवाहातून बाद करायचे. कोणत्या टाक्यानंतर कोणता टाका आणि कोणता चिमटा कधी सोडायचा, हे आधी ठरलेले असे.

बाहेर काढलेला संच दुसऱ्या छातीत जाईपर्यंत जिवंत ठेवण्याची त्यांची युक्ती तर आजही थक्क करते. फुप्फुसांत हवा भरती ठेवायची आणि हृदयाला आपलेच रक्त त्या फुप्फुसांतून फिरवून पुन्हा स्वतःच्याच स्नायूला पाजू द्यायचे. म्हणजे अवयव मधल्या वेळात निपचित पडून राहत नसे, तो स्वतःपुरता जगत असे. पुढे साऱ्या जगाने उलटा मार्ग धरला. अवयव बर्फात थंड ठेवायचा, त्याची भूक कमी करायची आणि धावपळीने रुग्णापर्यंत पोहोचवायचा. स्वीडनमधील लुंड येथे स्टिग स्टेन यांनी अवयव शरीराबाहेर, उबदार द्रव फिरवत आणि श्वास देत तपासण्याची पद्धत रुळवली, तेव्हा एकविसावे शतक उजाडले होते. देमिखोव यांच्या रीतीशी तिचे थेट नाते सांगता येणार नाही, पण कल्पनेचे कूळ एकच वाटते.

त्या कुत्र्यांचे पुढे काय झाले? पहिली काही तासांतच गेली. हात बसत गेला तसे आयुष्य वाढले आणि सर्वांत अधिक जगलेल्या कुत्र्याने सहा दिवसांपर्यंत मजल मारली. हृदय चालत होते, शिवण धरून होती, पण श्वास बिनसत होता. हवा आत घेण्याची लय मंदावे, एकेक श्वास खोल आणि लांब होत जाई आणि शेवटी प्राणी दगावे. फुप्फुसे दोन्ही नवी, शस्त्रक्रिया निर्दोष, तरी हे का घडावे?

कारण मज्जातंतूंत होते. श्वास घेताना फुप्फुस किती फुगले याची खबर व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून मेंदूला जाते आणि मेंदू त्यावर पुढचा श्वास बेततो. दोन्ही फुप्फुसे काढून नवी बसवली की हे तंतू तुटतात आणि खबर बंद पडते. कुत्र्याची श्वासाची लय या खबरीवर फार विसंबून असते. माणसाची तशी नसते. परंतु माणसाची तशी नसते हे १९४६ मध्ये कोणी तपासलेले नव्हते आणि केवळ कुत्र्यांकडे पाहून ते कळणेही शक्य नव्हते. ज्यांना भविष्यात हृदय व फुप्फुसे एकत्र बदलायची होती, त्यांच्यापुढे या प्रयोगांनी बंद दार उभे केले. ते दार मुळात माणसासाठी बंदच नव्हते, हे कळायला पुढे कित्येक वर्षे गेली.

१९४७ साली त्यांनी फुप्फुसाचेच स्वतंत्र प्रत्यारोपण केले. एकाच बाजूचे काम असल्याने दुसऱ्या बाजूचे तंतू शाबूत राहिले आणि श्वासाचा प्रश्न उभा राहिला नाही. कुत्रे सात दिवस जगले. या वेळी दगा दिला तो श्वासनलिकेच्या शिवणीने. रक्तवाहिन्या जुळल्या, पण नलिकेचा जोड सुटला. याला एक साधे कारण आहे. श्वासनलिकेच्या भिंतीला स्वतःच्या बारीक धमन्यांतून रक्त मिळते, त्या धमन्या प्रत्यारोपणात तुटतात आणि जोडाच्या कडेला पोषण उरत नाही. इथे मात्र कुत्र्याने खरे सांगितले होते. पुढे माणसातही फुप्फुसाच्या प्रत्यारोपणाची नौका वर्षानुवर्षे याच खडकावर आपटत राहिली.

याच सुमारास इतरत्रही कामे सुरू झाली होती. मार्सेय येथे आंरी मेत्रा यांनी १९५० मध्ये कुत्र्यांवर अशा शस्त्रक्रिया केल्या. फुप्फुसातून येणाऱ्या शिरा एकेक न जोडता हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याची पट्टीच त्यांच्यासह कापून घ्यायची आणि ती एका शिवणीने बसवायची, ही त्यांची रीत आजही चालते. श्वासनलिकेच्या धमन्या पुन्हा जोडण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. अमेरिकेत जुव्हनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये वेगळाच डाव मांडला. त्यांनी कुत्र्याचे फुप्फुस काढून त्याच कुत्र्याला परत बसवले. वरवर पाहता हा खटाटोप निरर्थक वाटेल, पण त्यातच मोठे शहाणपण होते. परक्याचे फुप्फुस बसवले आणि ते बिघडले तर दोष कोणाला द्यायचा? शरीराने परके मांस नाकारले, की काढण्या-बसवण्यातच अवयवाला इजा झाली? स्वतःचेच फुप्फुस परत बसवले की नकाराचा प्रश्न निकालात निघतो आणि मागे उरते ती निव्वळ इजा.

ही इजा बऱ्यापैकी असते, हे अशा प्रयोगांतून हळूहळू स्पष्ट झाले. स्वतःचे फुप्फुस परत मिळाल्यावरही पहिल्या काही दिवसांत ते पाण्याने भरून जड होते आणि क्ष-किरण चित्रात पांढरे दिसते. रक्त थांबलेले असताना पेशी उपाशी राहतात. रक्त पुन्हा सुरू झाले की त्यांची सुटका व्हावी असे आपल्याला वाटते, पण घडते विपरीत. अचानक आलेल्या प्राणवायूतून दाहक कण तयार होतात, पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, भिंती पाझरू लागतात आणि हवेच्या पिशव्यांत द्रव उतरतो. दुष्काळानंतरचा पहिला पाऊसच शेत वाहून नेतो, तशातला हा प्रकार. आज माणसात पहिल्या ७२ तासांत होणाऱ्या या बिघाडाला स्वतंत्र नाव आहे, त्याच्या पायऱ्या ठरल्या आहेत आणि फुप्फुस घेतलेल्या रुग्णांच्या सुरुवातीच्या मृत्यूंमागचे ते एक मोठे कारण आहे.

देमिखोव यांना हा भेद कितपत पटला होता? परक्या अवयवाला शरीर नाकारते, हे ब्रिटनमध्ये पीटर मेडावर यांनी सशांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांतून चाळिशीच्या दशकातच दाखवले होते. देमिखोव यांनी त्याला अखेरपर्यंत फारसे महत्त्व दिले नाही. अवयव मरतात ते जंतुसंसर्गाने, रक्ताच्या गुठळ्यांनी किंवा सदोष शिवणीने, असे त्यांचे मत होते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्यांनी कुत्र्यांना दिली नाहीत. एका परीने हे समजण्यासारखे आहे. त्यांची बहुतेक कुत्री शरीराने परका अवयव पुरता ओळखण्याआधीच अन्य कारणांनी मरत होती. ज्याचे हात इतके कुशल, त्याला प्रत्येक अपयशात हाताचीच चूक दिसावी यात नवल नाही. पण ही त्यांची सर्वांत मोठी चूक होती आणि ती सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत अडथळा आला तर छातीतली दुसरी धमनी तिला जोडून रक्ताला आडवाट द्यावी, हा प्रयोगही त्यांनी १९५०च्या दशकाच्या प्रारंभी कुत्र्यांवर केला आणि त्यांतील काही कुत्री वर्षानुवर्षे ठणठणीत राहिली. आज घरोघरी ऐकू येणाऱ्या बायपासचे हे पूर्वरूप होय. लेनिनग्राडचे कोलेसोव यांनी १९६४ मध्ये ही जोडणी माणसात केली.

मॉस्कोत मात्र त्यांच्याभोवती संशयाचे धुके होते. आरोग्य मंत्रालयाच्या एका समितीने त्यांचे काम नीतीला धरून नाही, ते बंद करावे असा निष्कर्ष काढला. संस्थेचे प्रमुख अलेक्सांद्र विश्नेव्स्की लष्कराचे शल्यविशारद होते आणि मंत्रालयाचा शब्द त्यांना सर्वस्वी बांधील नव्हता, म्हणून प्रयोगशाळा वाचली. दोन डोक्यांच्या कुत्र्यांचे प्रयोग १९५४ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. अशी सुमारे वीस जोडकुत्री त्यांनी तयार केली आणि त्यांतले सर्वांत दीर्घायुषी २९ दिवस जगले. १९५९ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याची छायाचित्रे छापली आणि गाजावाजा झाला. या प्रयोगांचा हेतू अगदीच पोकळ नव्हता. एका प्राण्याच्या रक्तावर दुसऱ्याचे ऊतक किती काळ तग धरते, हे त्यातून पाहता येत होते. तथापि तेच उत्तर कमी यातनेत मिळवता आले नसते का, असा प्रश्न आज वाचकाला पडतो आणि तो पडलाच पाहिजे. फुप्फुसाच्या प्रयोगांविषयी मी असे म्हणणार नाही. तिथे दुसरा मार्ग नव्हता.

संस्थेतील वरिष्ठांशी न पटल्याने १९६० मध्ये ते मॉस्कोच्या स्क्लिफोसोव्स्की संस्थेत गेले. हे अपघातग्रस्तांवर तातडीचे उपचार करणारे नावाजलेले रुग्णालय. तिथे त्यांच्या वाट्याला तळघरातली छोटी जागा आली. त्याच वर्षी जीवनावश्यक अवयवांच्या प्रायोगिक प्रत्यारोपणावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लौकरच त्याचे इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कमध्ये निघाले आणि ज्या पाश्चात्त्य शल्यविशारदांना रशियन येत नव्हते त्यांच्या हाती पंधरा वर्षांचे काम एकदम पडले. त्या विषयावरचे असे पहिलेच सविस्तर पुस्तक म्हणून ते चाळले गेले. दक्षिण आफ्रिकेचा एक तरुण डॉक्टर मॉस्कोत येऊन तळघरातील ती प्रयोगशाळा पाहून गेला. त्याचे नाव ख्रिस्तियान बर्नार्ड. डिसेंबर १९६७ मध्ये माणसाचे हृदय माणसात बसवून तो एका रात्रीत जगप्रसिद्ध झाला आणि देमिखोव यांना आपले गुरू मानत राहिला.

फुप्फुसाची पाळी त्याआधी आली होती. ११ जून १९६३ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, जॅक्सन येथे, जेम्स हार्डी यांनी माणसाच्या छातीत दुसऱ्या माणसाचे फुप्फुस बसवले. त्यामागे शेकडो कुत्र्यांवरचा सराव होता. रुग्ण १८ दिवस जगला आणि मूत्रपिंडे निकामी होऊन गेला. पुढच्या वीस वर्षांत जगभर सुमारे चाळीस प्रयत्न झाले. बेल्जियममधील एक रुग्ण दहा महिने टिकला, बाकीचे बहुतेक काही दिवसांत किंवा आठवड्यांत गेले. कित्येकांत श्वासनलिकेचा जोड सुटला. सात दिवस जगलेल्या त्या मॉस्कोच्या कुत्र्याची गोष्ट माणसात पुनःपुन्हा घडत होती.

कोंडी फुटली ती पुन्हा प्राण्यांमुळेच, पण प्रश्नागणिक प्राणी वेगळा होता. १९६३ मध्ये अमेरिकेत हॅग्लिन आणि सहकाऱ्यांनी कुत्रे आणि माकडवर्गीय प्राणी यांची तुलना केली. दोन्ही फुप्फुसांचे तंतू तुटल्यावर कुत्र्यांचा श्वास बिघडला, माकडवर्गीयांचा सुरळीत राहिला. देमिखोव यांच्या कुत्र्यांना जे जमले नाही ते माणसाला जमेल, अशी आशा येथून निर्माण झाली. स्टॅनफर्डला ब्रूस राइट्झ यांनी माकडांवर हृदय-फुप्फुसांचा संच बसवून पाहिला आणि मार्च १९८१ मध्ये तो माणसात यशस्वी केला. ती रुग्ण पाच वर्षे जगली.

उलट श्वासनलिकेच्या जोडाचे कोडे सोडवण्यासाठी कुत्रेच योग्य ठरले. टोरंटोतील जोएल कूपर यांच्या गटाने दाखवून दिले की शरीराचा नकार दाबण्यासाठी दिली जाणारी स्टिरॉइडेच त्या जोडाची जखम भरू देत नाहीत, तर सायक्लोस्पोरिन हे नवे औषध तसा अडथळा आणत नाही. पोटातील चरबीचा पडदा वर ओढून जोडाभोवती गुंडाळला तर त्याला रक्तही मिळते. त्याच गटाने नोव्हेंबर १९८३ मध्ये ५८ वर्षांच्या एका रुग्णाला फुप्फुस बसवले आणि तो सहा वर्षांहून अधिक जगला.

पहिल्या दिवसांतली ती पाझरणारी इजा अजून संपलेली नाही. तिच्या अभ्यासात आता कुत्र्याची जागा बहुतांशी डुकराने आणि उंदराने घेतली आहे. डुकराचे फुप्फुस आकाराने माणसाच्या जवळचे असते, म्हणून अवयव जपण्याच्या आणि बाहेर फिरवण्याच्या यंत्रांची परीक्षा त्याच्यावर होते. लहान उंदराची फुप्फुसे नखाएवढी. त्याचे डावे फुप्फुस एका खंडाचे असते, म्हणून तेच घेतात आणि टाके न घालता बारीक नळीच्या कड्यावर वाहिनी ताणून जोडतात. ही शस्त्रक्रिया २००७ मध्ये अमेरिकेत साध्य झाली. तिचे मोल असे की उंदरातील एकेक जनुक बंद करून कोणती पेशी कोणत्या क्षणी इजा करते हे पाहता येते. पण उंदराच्या फुप्फुसाची रचना आणि त्यातील श्वासनलिकांचा रक्तपुरवठा माणसासारखा नाही. १९४६ च्या कुत्र्याने दिलेला चकवा उंदीरही देऊ शकतो, ही धास्ती या क्षेत्रातील लोकांना असते.

देमिखोव यांना या साऱ्याची कितपत खबर होती कोण जाणे. १९६३ मध्ये त्यांना विद्यावाचस्पती आणि त्यावरचीही पदवी एकाच दिवशी मिळाली, तेव्हा त्यांचे वय ४७ होते. १९८६ पर्यंत ते स्क्लिफोसोव्स्की संस्थेत काम करत राहिले. बाहेरून येणारे सन्मान उशिरा आले. सोव्हिएत राज्य पुरस्कार १९८८ मध्ये, तोही इतरांबरोबर बायपासच्या कामासाठी. हृदय व फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८९ मध्ये आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचा गौरव केला. त्यानंतर मॉस्कोच्या कडेला छोट्याशा घरात ते राहिले. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्याच वर्षी देशाने त्यांना पदक दिले होते. वागान्कोवो स्मशानभूमीत त्यांना पुरले. २०१६ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, मॉस्कोतील प्रत्यारोपण संस्थेच्या आवारात त्यांचा पुतळा उभारण्यात आला.